साइटवर उरलेला माल कुणाचा?

स्लॅब टाकून झाला, सेंट्रिंग उतरलं, आणि साइटच्या कोपऱ्यात सळईच्या तुकड्यांचा ढीग उरला. शेजारी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, फुटक्या फरश्या, बायंडिंग तारेची भेंडोळी. घरमालक म्हणतो, माल माझ्या पैशाचा. ठेकेदार म्हणतो, उरलंसुरलं आमचं, तशी रीतच आहे. सळई कापून बांधणारा फिटर म्हणतो, वेचून गोळा आम्ही केलं, चहापाण्याला होईल. तिघंही मनापासून बोलतात आणि तिघांनाही आपलंच खरं वाटतं. साताऱ्यात, कराडला, विट्याला, सांगलीच्या विश्रामबागेत, जिथं जिथं बांधकाम चालू आहे तिथं हा वाद कधी ना कधी होतोच. चांगले संबंध असलेली माणसं चाळीस-पन्नास किलो लोखंडापायी एकमेकांशी बोलेनाशी होतात, म्हणून हा विषय नीट समजून घेतलेला बरा.

पहिली गोष्ट पक्की धरून चालायची: वस्तूचं भंगार झालं म्हणून तिचा मालक बदलत नाही. बारा मीटरची सळई ज्याची, तिचा दोन फुटांचा तुकडाही त्याचाच. तुकडा लहान आहे, वाकला आहे, गंजला आहे, कामात बसणारा नाही, यातल्या कशानेही मालकी सुटत नाही. ती सुटते मालकाने विकल्यावर, देऊन टाकल्यावर किंवा खरोखर टाकून दिल्यावर. त्यामुळे उरलेल्या मालाचा प्रश्न सोडवायचा तर आधी मूळ माल कुणाचा होता ते बघावं लागतं, आणि त्याचं उत्तर काम कोणत्या बोलीवर दिलंय यात असतं.

आपल्याकडे घराचं काम दोन तऱ्हांनी दिलं जातं. एक लेबर रेटवर, म्हणजे माल मालकाचा आणि ठेकेदाराची फक्त मजुरी. दुसरं मटेरियलसहित, म्हणजे स्क्वेअर फुटाचा दर ठरवून सगळं ठेकेदाराच्या अंगावर.

लेबर रेटचं उत्तर सरळ आहे. दुकानदाराकडून सिमेंट-सळई मालकाने विकत घेतली, बिल त्याच्या नावावर, पैसे त्याने दिले. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे खरेदी करणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा जसा हेतू असेल त्याप्रमाणे मालकी जाते, आणि इथं ती घरमालकाकडे आली. ठेकेदाराच्या हाती आला तो फक्त ताबा, तोही एका कामापुरता. असा ताबा दिला-घेतला की १८७२ च्या करार कायद्याची १४८ पासूनची कलमं लागू होतात. ताबा घेणाऱ्याने माल स्वतःचा असल्यासारखा सांभाळायचा आणि काम संपलं की उरलेला परत करायचा किंवा मालक सांगेल तसा त्याचा बंदोबस्त करायचा. मालकाला मागणी करायची वाट बघायलाही लावायचं नाही, असं कलम १६० सांगतं. म्हणजे लेबर रेटच्या कामावर सळईचे तुकडे, वायरीचं उरलेलं बंडल, अर्धी गोणी सिमेंट, चार फरश्या हे सगळं घरमालकाचं.

हा हिशेब किरकोळ वाटतो, पण एकदा जवळून बघा. समजा एका कामाला साडेतीन मीटर लांबीच्या ८ एमएमच्या सळया लागतात. बाजारात सळई येते बारा मीटरची. एकीतून तीन तुकडे निघतात, साडेदहा मीटर संपतात आणि दीड मीटर उरतो. अशा शंभर सळया कापल्या तर उरतात दीडशे मीटर. सळईचं मीटरमागे वजन काढायचं साधं सूत्र साइटवर सगळ्यांना पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. आठचा वर्ग चौसष्ट, भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ३९५ ग्रॅम. दीडशे मीटरचे झाले ५९ किलो. आणलेल्या सळईचा आठवा हिस्सा कोपऱ्यात जाऊन पडला.

आता चांगला फिटर काय करतो? आधी यादी करतो. कुठल्या लांबीचे किती तुकडे लागणार ते बघून लांब तुकडे आधी कापतो आणि उरलेल्या दीड मीटरमधून रिंगा, छज्जाची आणि लिंटेलची लहान सळई काढतो. मग कोपऱ्यात जातात ते फक्त वीतभराचे तुकडे, आणि एकूण वाया जाणारी सळई तीन ते पाच टक्क्यांच्या आत बसते. पण तुकडे फिटरचे असं आधीच ठरलं असेल, तर ही यादी करायची त्याला गरज उरत नाही. नवी सळई ओढून कापणं सोपं, आणि जितका कटपीस जास्त तितका त्याचा फायदा. मी इथं कुणाच्या दानतीवर बोट ठेवत नाही. ज्या व्यवहारात वाया घालवणाऱ्यालाच वाया गेलेला माल मिळतो, तो व्यवहारच चुकीचा बांधलेला असतो. माझं मत असं की तुकडे मालकाने ठेवावेत आणि फिटरला खुशीचे पैसे वेगळे, रोख, आणि मोकळ्या हाताने द्यावेत. दोघांचं भलं त्यातच आहे.

मटेरियलसहित कामात बाजू उलटते. माल ठेकेदार आणतो, बिल त्याच्या नावावर असतं, उधारीही त्याचीच. असा माल साइटवर येऊन पडला म्हणून घरमालकाचा होत नाही. बांधकामात प्रत्यक्ष बसला, की तो इमारतीचा भाग होतो आणि मालकी जाते. कामाच्या कंत्राटात मालाची मालकी तो माल कामात बसताना जाते, ही गोष्ट सुप्रीम कोर्टाने करांच्या खटल्यांत वारंवार सांगितली आहे. २०१३ च्या लार्सन अँड टुब्रो विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालातही ती आहे. म्हणून मटेरियलसहित कामातली न बसलेली सळई, उरलेल्या विटा, शिल्लक वाळू ठेकेदाराची. त्याने दर लावताना वाया जाणारा माल धरलेला असतो, आणि माल कमी पडला असता तर खिशातून आणलाही त्यानेच असता. घरमालकाने ‘माझ्या आवारात आहे म्हणून माझं’ असं म्हणून गेट बंद करणं चूक आहे. मात्र मालकाने एखाद्या मालापोटी वेगळी उचल दिली असेल, आणि हा माल तुमचाच समजा अशी बोली झाली असेल, तर तेवढा माल आधीच मालकाचा होतो. बोली कोणती झाली हेच शेवटी महत्त्वाचं.

खरा गुंता मधल्या कामांत असतो, आणि सातारा-सांगलीकडची बरीच कामं मधलीच असतात. सिमेंट-सळई मालकाची, वाळू-वीट ठेकेदाराची, फरशी मालकाने दुकानात जाऊन पसंत केलेली, वायरिंगचं सामान इलेक्ट्रिशियनने यादी देऊन आणवलेलं. अशा वेळी साइट एक असली तरी प्रत्येक मालाचं उत्तर वेगळं येतं. वायरचंच घ्या. बंडल नव्वद मीटरचं. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत मीटरला जवळजवळ ३६ ग्रॅम तांबं असतं, म्हणजे पंचवीस मीटरचा उरलेला तुकडा हा पाऊण किलोच्या वर तांबं झालं. तो इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत जातो आणि घरमालकाला पत्ताही नसतो. बिल मालकाने भरलं असेल तर तो तुकडा मालकाचा. पॉइंटमागे दर मटेरियलसहित ठरला असेल तर इलेक्ट्रिशियनचा. फरशीचंही तसंच. पेट्या मालकाने घेतल्या असतील तर न फोडलेल्या पेट्या दुकानदाराला परत देण्याचा हक्क त्याचाच. तरी एक-दोन पेट्या ठेवून घ्याव्यात, कारण दोन वर्षांनी एक फरशी फुटली तर त्याच छटेचा माल परत मिळेलच असं नाही. रंगाच्या रिकाम्या बादल्या रंग विकत घेणाऱ्याच्या. बादलीतलं टोकन मात्र कंपनीने रंगाऱ्यासाठी ठेवलेलं असतं, त्यावरून त्याच्याशी भांडू नये.

‘पण रीत आहे ना!’ हे वाक्य नुसतं उडवून लावण्यासारखं नाही. करार कायद्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की धंद्यातली रूढी कायद्याच्या विरोधात नसेल तर या कायद्याने तिला बाधा येत नाही. फक्त रीत म्हणायला ती त्या धंद्यात सर्रास चालणारी, दोन्ही बाजूंना माहीत असलेली आणि वाजवी असावी लागते, आणि लिहिलेल्या कराराच्या उलट जाणारी चालत नाही. गोण्या मजूर नेतात हे मालक चार महिने बघतोय आणि काही बोलत नाही, तर त्याची संमती आहे असंच धरलं जाईल. संमती बोलून द्यावी लागते असं नाही. पण पाच-दहा रुपयांच्या गोणीची रीत आहे म्हणून तांब्याच्या वायरीचीही रीत झाली, असं होत नाही.

चोरी कधी होते?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे. जंगम वस्तू, दुसऱ्याच्या ताब्यातली, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी. वस्तू किती किमतीची हा प्रश्न व्याख्येत येतच नाही. शिक्षेत येतो: माल पाच हजारांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. कामावरच्या नोकराने मालकाच्या ताब्यातला माल चोरला तर कलम ३०६ लागतं आणि ते कडक आहे, सात वर्षांपर्यंत. ठेकेदाराच्या विश्वासावर सोपवलेला माल त्यानेच परस्पर विकला तर ते चोरीपेक्षा वेगळं, विश्वासाने दिलेल्या मालाच्या अपहाराचं प्रकरण होतं, कलम ३१६. आणि माल चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला जागा असून घेणारा भंगारवाला कलम ३१७ मध्ये येतो.

यातला कळीचा शब्द ‘अप्रामाणिक’. एखाद्याने वस्तू आपलीच आहे असं खरोखर मानून नेली, तर त्याचा समज चुकीचा निघाला तरी ती चोरी होत नाही. बोली स्पष्ट नसलेल्या कामात फिटर ‘तुकडे आमचेच असतात’ असं प्रामाणिकपणे समजून घेऊन गेला, तर पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. वीस किलो लोखंडासाठी हातावर पोट असलेल्या माणसाला ठाण्यात नेणं मला पटत नाही. पण रात्री गाडी लावून न कापलेल्या सळया उचलल्या, तर त्याला समजुतीचा घोटाळा म्हणणंही पटत नाही. कापलेला तुकडा आणि कोरी सळई यांत फरक आहे, आणि तो साइटवरच्या प्रत्येकाला कळतो.

टाकून दिलेल्या वस्तूचं काय? मालकाने हक्क सोडायचा म्हणूनच फेकली असेल तर ती नेणं चोरी नाही. पण साइटच्या कुंपणात एका बाजूला रचून ठेवलेला ढीग म्हणजे टाकून दिलेला माल नव्हे, मग त्यावर गवत का उगवेना.

जुने वाडे पाडताना

भंगाराचा सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात बेफिकिरीने केला जाणारा व्यवहार म्हणजे जुन्या वाड्यांचं पाडकाम. साताऱ्याच्या पेठांत, वाईत, मिरजेत अजूनही वाडे उतरतायत. सागवानी खांब, तुळया, कडीपाट, कोरलेल्या चौकटी, लोखंडी कड्या-कोयंडे, घडीव काळा दगड. वारसांना जागा मोकळी हवी असते, बिल्डरला घाई असते, आणि ‘पाडून न्या, वर आम्हाला काही द्यावं लागणार नाही ना’ एवढ्या एका वाक्यावर लाखाचं लाकूड निघून जातं.

इथं व्यवहाराच्या दोन तऱ्हा असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकीत मालक पाडकामाचे पैसे देतो आणि निघालेला माल स्वतः ठेवतो. दुसरीत पाडणारा मालकाला रक्कम देतो, किंवा मजुरी मागत नाही, आणि सगळा माल नेतो. दुसरा व्यवहार खरं तर विक्रीचा आहे. मालविक्री कायद्याच्या व्याख्येतच म्हटलंय की जमिनीला जोडलेली वस्तू विक्रीपूर्वी किंवा विक्रीच्या करारानुसार तोडून द्यायची ठरली असेल, तर ती ‘माल’ धरली जाते. म्हणजे भिंतीत उभा असलेला खांबही आजच विकता येतो. पण काढून द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची असेल तर तो काढून तयार होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राहते, आणि वेगळं ठरलं नसेल तर नुकसानीची जोखीमही मालकीबरोबरच जाते. मध्येच पावसाने माळवद कोसळून तुळया मोडल्या तर तोटा कुणाचा, हे यावर ठरतं. त्यामुळे पाडकाम पावसाळ्याच्या तोंडावर द्यायचं असेल तर हे एक वाक्य आधी लिहून घ्यावंच.

आणि ‘सगळा माल’ म्हणजे काय तेही. मजला उतरवताना दारावरची गणेशपट्टी, देवघराची महिरप, झोपाळ्याच्या पितळी कड्या अशा वस्तू निघतात. आजीच्या देवघराची चौकट हवी होती, असं मुलीला नंतर आठवतं. तोवर ती गाडीत चढलेली असते आणि ठेकेदार म्हणतो, मी सगळ्याचे पैसे दिलेत. तो खोटं बोलत नसतो. पाडकामाआधी घरात फिरून मोबाइलवर फोटो काढावेत, जे ठेवायचं त्यावर खडूने खूण करावी आणि त्याची यादी करारात घालावी. ज्या घरात चार पिढ्या राहिल्या, तिथं एक दिवस एवढ्यासाठी द्यायला हवा असं मला फार वाटतं.

वाडा एकाचा क्वचितच असतो. मिळकत पत्रिकेवर आठ-दहा नावं असतात, काही पुण्यात, काही परदेशात. एका चुलत भावाने परस्पर दारं विकली तर बाकीच्यांचा त्यांच्या हिश्श्यापुरता हक्क राहतोच, आणि घेणाऱ्याच्या मागे तो वाद लागतो. जुना भाडेकरू असेल तर त्याने स्वतःच्या खर्चाने बसवलेल्या वस्तू, म्हणजे शटर, माळा, पत्र्याची शेड, करार उलटा नसेल तर त्याला ताबा असेपर्यंत काढून नेता येतात, फक्त जागा मूळ स्थितीत ठेवून. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ ते सांगतं.

भिंतीत किंवा चौथऱ्यात नाण्यांचा गाडगा सापडला, तर तो पाडणाऱ्याचा नाही, मजुराचा नाही आणि लगेच मालकाचाही नाही. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, लपवलेली मौल्यवान गोष्ट म्हणजे गुप्तधन, म्हणून भिंतही आली. किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. चौकशीत धन बेवारस ठरलं, जागेच्या मालकाचा हक्क मान्य झाला आणि दोघांत वेगळी बोली नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला, अशी वाटणी कायद्यातच दिली आहे. हवं तर सरकार ते किंमत देऊन घेऊ शकतं. लपवलं तर वाटा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ज्या मजुराच्या कुदळीला गाडगं लागलं, त्याने कळवलं तर मोठा हिस्सा त्याचा होऊ शकतो. मजुरांना हे कुणी सांगत नाही, सांगायला हवं. शंभर वर्षांहून जुन्या कोरीव कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत.

पाया खोदताना निघणारा मुरूम-दगड हा आणखी एक गैरसमज. प्लॉट माझा म्हणून मुरूम माझा, असं वाटणं साहजिक आहे, पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवर हक्क राज्याचा असतो. पायाची माती त्याच जागेत भरावाला वापरली तर त्यावर रॉयल्टी लागते का, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात २०१४ साली कोर्टाने त्याच जागेवरच्या अशा वापराला दिलासा दिला. पण डंपर भरून मुरूम बाहेर विकायचा असेल तर तहसील कार्यालयात रॉयल्टी भरून परवाना घ्यावा लागतो. नाहीतर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पकडला जाणारा डंपर बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा तरी असतो.

ज्या मालाला किंमत आहे त्यावर तीन हक्कदार उभे राहतात. ज्याला उलट वाहतुकीचा खर्च आहे, तो राडारोडा मात्र कुणाचाच नसतो. रात्रीत नाल्यात, ओढ्यात, कृष्णेच्या काठी ट्रॉली रिकामी होते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्या सांगलीने पाहिले, तिथं ओढ्या-नाल्यात विटांचे ढिगारे ओतणं हा गुन्हा आहेच, शिवाय शेजाऱ्याच्या घरात पाणी घालणं आहे. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्यासाठीच्या २०१६ च्या नियमांनी राडारोड्याची जबाबदारी तो तयार करणाऱ्यावर टाकली. दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पात ३०० टन निघत असेल तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-चुना असं वेगळं करायलाही सांगितलं. त्यांच्या जागी आणलेले नवे नियम २०२५ मध्ये जाहीर झाले, ते १ एप्रिल २०२६ पासूनचे. म्हणून पाडकामाच्या करारात ‘लाकूड-लोखंड ठेकेदाराचे’ असं लिहिताना ‘राडारोडा उचलून नेमून दिलेल्या जागी टाकणेही ठेकेदाराकडे’ हे त्याच ओळीत लिहावं. लाकूड नेलं आणि ढिगारा तसाच, असं होऊ देऊ नये.

सरकारी कामाचा उरलेला माल

इथं अंदाजाला जागा नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सर्वसाधारण अटींतच म्हटलंय की पाडकामातून आणि खोदाईतून निघालेला माल सरकारची मालमत्ता समजायची आणि अभियंता लेखी सांगेल तशीच त्याची विल्हेवाट लावायची. गावात याचा अनुभव येतो तो जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेच्या निमित्ताने. खोली धोकादायक झाली तरी आधी निर्लेखनाचा, म्हणजे इमारत नोंदीतून कमी करण्याचा प्रस्ताव, तपासणी, मंजुरी, मग पाडकाम आणि निघालेल्या मालाचा लिलाव. तोवर मंगलोरी कौलं, सागवानी वासे, पत्रे एकेक करून कमी होऊ लागतात. ‘शाळा आपलीच की’ म्हणून नेणारा माणूस गावातलाच असतो, पण शाळा सगळ्यांची आहे म्हणूनच ती त्याची एकट्याची नाही. ग्रामस्थांनी पंचनाम्याची आणि लिलावाच्या रकमेची माहिती मागावी. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे.

महावितरणची उतरवलेली तार शेतात पडलेली असली तरी शेतकऱ्याची होत नाही. २००३ च्या वीज कायद्यात तारा आणि साहित्याच्या चोरीसाठी कलम १३६ वेगळं आहे. मिरजेसारख्या जंक्शनभोवती रुळाचे तुकडे, रूळ जोडायच्या फिशप्लेटा आणि रूळ पक्का धरणाऱ्या चाव्या सापडतात. रेल्वेची वस्तू बेकायदा ताब्यात ठेवणं हाच १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्याने गुन्हा आहे, मग ती तुम्ही चोरलेली नसली तरी. भंगाराच्या दुकानदारांनी हा एक कायदा तरी वाचून ठेवावा.

कारखान्यात हाच प्रश्न दुसऱ्या नावाने येतो. सातारा, मिरज, कुपवाडच्या एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपला मोठी कंपनी कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, पाठवते, वर्कशॉप मशीनिंग करून परत देतं. दहा किलोचं कास्टिंग आठ किलोचं झालं, तर दोन किलो टर्निंग-बोरिंग, म्हणजे धातूचा कीस, वर्कशॉपच्या जमिनीवर पडतं. ते मूळ माल देणाऱ्याचंच. पण बऱ्याचदा दर ठरवतानाच ते वर्कशॉपला सोडलेलं असतं आणि त्यापोटी जॉबचा दर कमी धरलेला असतो. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ मध्ये याची सोय आहे. जॉबवर्क करणारा नोंदणीकृत असेल तर तो हे भंगार स्वतःच्या जागेवरून कर भरून विकू शकतो, नोंदणी नसेल तर मूळ मालकाने विकायचं. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर त्यावरचा कर माल घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरायचा आहे. लोखंडाचे भाव खाली येतात तेव्हा कमी दराने घेतलेलं काम वर्कशॉपला परवडत नाही, म्हणून भंगार सोडून दर ठरवताना भाव बदलला तर दर बदलेल, ही अट घालणं लहान उद्योजकाच्या हिताचं आहे.

पुरात भिजलेल्या मालाचंही एक सांगतो. सांगलीच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांना २०१९ नंतर हे चांगलं कळलं. विमा असेल तर सर्व्हेअर भिजलेल्या मालाची उरलेली किंमत काढतो, ती भरपाईतून वजा करतो आणि माल दुकानदाराकडे ठेवतो. कंपनीने पूर्ण किंमत दिली तर तो उरलेला माल कंपनीचा. म्हणून सर्व्हे होण्याआधी चिखलातला माल भंगारात घालू नये, आणि टाकावाच लागला तर वजन, फोटो आणि पावती ठेवावी.

आता करारात काय लिहायचं ते. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलात तर उत्तमच, नाहीतर साध्या कागदावर दोघांच्या सह्या किंवा निदान व्हॉट्सॲपवर पाठवून समोरच्याचं ‘मान्य’ आलेलं असावं. तोंडी करारही कायद्याने चालतो, पण सिद्ध करताना दम निघतो. वाक्यं साधी हवीत: ‘मालकाने आणलेल्या सळई, सिमेंट, वायर, पाइप, फरशी यांचा उरलेला माल व तुकडे मालकाचे. एक फुटाच्या आतले सळईचे तुकडे व रिकाम्या गोण्या कामगारांना. ठेकेदाराने आणलेला न वापरलेला माल ठेकेदाराचा, काम संपल्यापासून पंधरा दिवसांत उचलायचा. भंगार विकल्यास दोघांसमोर वजन करून पावती मालकाच्या नावे.’ लांबीची मर्यादा घातली की रोजचं भांडण संपतं, कारण टेप लावून बघता येतं. पंधरा दिवसांची मुदतही महत्त्वाची आहे. ठेकेदाराचा माल महिनोन् महिने अंगणात पडून राहतो आणि मालक वैतागून विकून टाकतो. माल त्याचा नसताना असं विकणं मालकाच्याच अंगाशी येतं. त्याने आधी लेखी कळवावं, मुदत द्यावी, मग पुढचं पाऊल.

ठेकेदाराचं बिल राहिलं असेल तर तो ‘पैसे द्या, मग माल नेतो-देतो’ म्हणतो. करार कायद्याच्या कलम १७० मध्ये असा हक्क आहे खरा, पण तो ज्या मालावर त्याने स्वतः कौशल्याचं काम केलंय त्याच मालापुरता, आणि त्याच कामाच्या मोबदल्यापुरता. गेट बनवायला दिलेल्या फॅब्रिकेटरला मजुरी मिळेपर्यंत ते गेट अडवून ठेवता येईल. घराच्या बिलापोटी मालकाची कोरी सळई गोदामात नेऊन ठेवता येणार नाही.

एवढं करूनही वाद झालाच, तर आधी मोजमाप. किती सळई आली त्याची चलनं, नकाशाप्रमाणे किती बसायला हवी त्याचा तक्ता आणि उरलेल्या मालाचं वजन, या तीन आकड्यांवर बहुतेक भांडणं टेबलावरच मिटतात, आणि हा हिशेब गावातला कुठलाही सिव्हिल इंजिनिअर एका दिवसात करून देतो. नाही मिटलं तर लेखी नोटीस. नेलेल्या मालासाठी किंवा त्याच्या किमतीसाठी दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं आहे. ठेकेदाराच्या सेवेतला दोष म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जायचं असेल तर दोन वर्षं, आणि तिथं वकील लावलाच पाहिजे असं नाही.